दुबईला कामाला निघालेल्या ऐरोलीच्या भावाला

जय ख्रिस्त भावा,

तू विचारलंस, दुबईत एसी टेक्निशियनचं काम, आठवड्याला सहा दिवस ड्युटी, रविवारची उपासना चुकणार; मग विश्वास टिकेल का? मी कळव्याचा, दुबईत हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रविवारच्या भरवशावर जाऊ नकोस. अमिरातीत 2022 पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली खरी, पण मेंटेनन्सवाल्यांची सुट्टी रोस्टर ठरवतो. ऊद मेथा भागात होली ट्रिनिटी आणि सेंट मेरीज ही दोन्ही चर्च जवळजवळ आहेत. शुक्रवारीही उपासना असते, सुट्टी मिळेल त्या दिवशी जा. मल्याळम, तमिळ बोलणारे पुष्कळ भेटतील. मराठी गीतांची मात्र फार आठवण येते, त्याची तयारी ठेव.

खरी उपासना कामावरच करावी लागते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्या उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. त्या वेळात आम्ही पंप रूममध्ये पुठ्ठे टाकून पडतो. केरळचा एक भाऊ त्याच्या भाषेत स्तोत्र वाचतो, मी मोबाइलवर मराठीत. मग दोन मिनिटं प्रार्थना. कपडे घामाने चिकटलेले असतात, पण संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं बळ तिथे मिळतं.

पौलसुद्धा करिंथमध्ये तंबू बनवून पोट भरत होता. कलस्सैकरांना त्यानेच लिहिलं की काम माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून करा. हे वचन चेकलिस्टवर कसाला लागतं. मला एकदा सुपरवायझरने एसीची कॉइल न धुताच चेकलिस्टवर तिच्यापुढे टिक मारायला सांगितलं. मी मारली नाही. त्यानंतर उन्हाळाभर गच्चीवरची कामं माझ्याच वाट्याला आली. रोज प्रार्थना केली, ड्युटी काही बदलली नाही. पण त्या माणसाबद्दल मनात कडवटपणा साचला नाही, आणि हे माझ्या बळाने झालेलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. चर्चच्या आवारात उपासनेला मोकळीक आहे, पण मुसलमान सहकाऱ्याला धर्मांतराचा उपदेश करणं किंवा पत्रकं वाटणं तिथे गुन्हा आहे. तुझं वागणं हीच तिथे तुझी साक्ष.

आणि प्रार्थना करतोस म्हणून कागदपत्रांत ढिलाई नको. एजंट सरकारी परवान्याचाच हवा; त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दहावी पास नसशील तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी परदेशी जायची सरकारी परवानगी, लागेल, ते व्हिजिट व्हिसावर चुकवून जाऊ नकोस. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं तिथेही बेकायदा आहे. ऑफर लेटर हातात आलं की सही करण्याआधी मला पाठव, बेसिक पगार आणि ओव्हरटाइमचा दर दोघं मिळून बघू.