मूत्रपिंडातील गाठ कर्करोगाची नसून संसर्गाची असू शकते का? आधी बायोप्सी करावी का?

होय, असू शकते. तुमच्या आईच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘गाठ, कर्करोगाची शक्यता’ असे लिहिले आहे, एवढ्यावरून निदान पक्के झाले असे धरून चालू नका. माझ्या थोरल्या बहिणीच्या अहवालातही हेच शब्द होते आणि ते वाचताच घरातील निम्मी माणसे तिच्यासमोर दबक्या आवाजात बोलू लागली. तिचे वजन घटले होते, बारीक ताप येत असे, हिमोग्लोबिन उतरले होते आणि डाव्या कुशीत सतत ठणकत असे. ही सारी लक्षणे कर्करोगातही दिसतात, त्यामुळे शंका घेणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. परंतु त्याच स्कॅनमध्ये मूत्रपिंडात शिंगांसारखे फाटे फुटलेला मोठा खडा होता आणि लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) प्रोटियस नावाचे जंतू वाढले होते, म्हणजे संसर्गाच्या खुणाही होत्या, याची चर्चा घरात कोणीच केली नाही.

मूत्रपिंड काढल्यावर पॅथॉलॉजीचा अहवाल आला : झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाचा एक जुनाट संसर्ग, कर्करोग नव्हे. खड्याने लघवीचा मार्ग अडतो, संसर्ग मुरत जातो आणि मूत्रपिंडाच्या मूळ ऊतींची जागा चरबीने भरलेल्या फेसाळ पेशी घेतात. १९१६ सालापासून वर्णिलेला हा आजार आहे.

आमचे भावोजी अजूनही म्हणतात की कर्करोग नव्हताच, तर किडनी उगाच काढली. हे साफ चूक आहे. मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणाऱ्या डीएमएसए स्कॅनमध्ये ते मूत्रपिंड जवळजवळ निकामी दिसत होते, आत पू साठला होता, आणि असा संसर्ग भोवतालच्या चरबीत, पाठीच्या स्नायूत, क्वचित आतड्यापर्यंतही पोहोचतो. मूत्रपिंडभर पसरलेला हा आजार नुसत्या प्रतिजैविकांनी सहसा बरा होत नाही. कर्करोग नाही म्हणजे काहीच नाही, असे समजणाऱ्यांशी वाद घालून मी थकले आहे.

बायोप्सीचे म्हणाल, तर ती उपयोगी पडू शकते. पण या फेसाळ पेशी कर्करोगाच्या एका प्रकारातील पेशींसारख्या दिसतात आणि क्वचित दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणून सुईच्या नमुन्यात कर्करोग न सापडल्याने शंका पूर्णपणे फिटत नाही. अर्थात मी डॉक्टर नाही, आणि आजार मूत्रपिंडाच्या एकाच भागात असेल तर कधीकधी औषधांनी किंवा तेवढाच भाग काढून भागते. ते यूरोलॉजिस्टला विचारा. दुसरे मूत्रपिंड नीट काम करते की नाही, हे तपासल्याशिवाय मात्र शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करू नका.