जपानीत 'गोंगाट' कसा सांगायचा: उरुसाइ, याकामाशीइ की सावागाशीइ?

शब्दकोशात तिन्ही शब्दांपुढे 'गोंगाटाचा' एवढंच दिलंय, मग वापरायचा कुठला आणि कांजी (चिनी लिपीतून आलेली अर्थदर्शक अक्षरं) लक्षात कशा ठेवायच्या, असं तुम्ही विचारलंय. मी जपानी शिकवते आणि हा प्रश्न मला फार आवडतो. आवाज किती मोठा आहे यापेक्षा ऐकणाऱ्याला तो कसा वाटतोय, यावर इथे शब्द ठरतो.

'उरुसाइ' म्हणजे मला त्रास होतोय. रात्री दोन वाजता टपटपणारा नळसुद्धा उरुसाइ. म्हणूनच नुसतं 'उरुसाइ!' ओरडलं की 'गप्प बस!' असा अर्थ होतो. खाण्यापिण्यात फार चोखंदळ असलेल्या माणसालाही 'आजि नि उरुसाइ' म्हणतात. तिथे आवाजाचा संबंधच नाही. याच्या कांजीत डावीकडे आग आणि उजवीकडे डोकं आहे, म्हणजे डोकं तापलेलं! आणखी एक गमतीदार लेखन आहे: 'पाचवा महिना' आणि 'माशी'. जुन्या चांद्र पंचांगातला पाचवा महिना साधारण आताच्या जूनमध्ये येतो, पावसाळी हवेत माश्या घोंगावतात तेव्हा. उच्चाराशी या अक्षरांचा संबंध नाही, ती केवळ अर्थावरून बसवलेली आहेत. रोजच्या लिखाणात मात्र सरळ हिरागाना, म्हणजे नुसता उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं, वापरा.

'याकामाशीइ' त्याच्याच जवळचा, पण सतत टोकणाऱ्या, कडक माणसालाही लागतो.

'सावागाशीइ' समोरच्या दृश्याबद्दल बोलतो: शिक्षक यायच्या आधीचा वर्ग, गर्दीचं स्टेशन. कांजीत डावीकडे घोडा आहे, उजव्या भागाचं जुनं रूप म्हणजे पिसू. पिसू चावल्यावर बिथरलेला घोडा डोळ्यांसमोर आणलात की अक्षर विसरणार नाही. हीच कांजी 'सोओन', म्हणजे त्रासदायक आवाज, या सरकारी शब्दात येते. १९६८च्या कायद्याचं नाव 'सोओन किसेइ हो', म्हणजे गोंगाट नियंत्रण कायदा. राहत्या वस्तीसाठी सोओनचं मानक दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रेडिओतली खरखर मात्र 'झात्सुओन'.

गणपतीच्या मिरवणुकीवर निबंध लिहिताना माझे विद्यार्थी हटकून सावागाशीइ लिहितात. ढोल-ताशांचा आनंद सांगायचा असेल तर 'निगियाका' लिहा. आवाज तेवढाच, पण हवाहवासा.

गाडीची कांजी तीनदा एकत्र काढली की 'तोदोरोकु', म्हणजे गडगडणं, दुमदुमणं. बाईची कांजी तीनदा काढली की 'काशिमाशीइ', म्हणजे कलकलाट. हा शब्द मला मुळीच पटत नाही. वाचताना ओळखता आला की पुरे, स्वतः वापरू नका.

जपानला राहायला जाणार असाल तर शेजाऱ्याला 'उरुसाइ' कधीही म्हणू नका. 'ओतो गा चोत्तो कि नि नारिमाशिते...' म्हणा, म्हणजे 'आवाज जरा जाणवतोय, म्हणून...', आणि वाक्य तिथेच अर्धवट सोडा. पुढचं समोरचा समजून घेतो. पावलांचा, वॉशिंग मशीनचा आवाज असेल तर त्याला 'सेइकात्सुओन' म्हणतात, राहण्या-वावरण्यातून होणारा आवाज. त्याबद्दल थेट दार वाजवण्यापेक्षा इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला कळवणं बरं. ते कुणाचंही नाव न घेता सगळ्यांसाठी सूचना लावतात.