टर्मिनलवर चालणाऱ्या इन्स्टॉलरचे शॉर्टकट आणि मेनू कसे ठरवावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरसाठी टर्मिनलमध्ये (म्हणजे नुसत्या अक्षरांच्या, कीबोर्डवर चालणाऱ्या खिडकीत) चालणारा इन्स्टॉलर लिहिताय, एफ-१ ते एफ-१२ आणि कंट्रोलच्या जोड्या धरून वीसेक शॉर्टकट ठरवलेत, मुख्य मेनूही आखलाय, आणि हे बरोबर आहे का. मी इंदूरला साधारण हेच काम करतो. सियागंजात आणि छावणीच्या मंडीत व्यापाऱ्यांकडे आमची मुलं सॉफ्टवेअर बसवायला जातात. म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो, त्या यादीतले बहुतेक शॉर्टकट काढून टाका.

एडिटर माणूस रोज उघडतो, त्यामुळे महिन्याभरात बोटं वळतात. इन्स्टॉलर एका मशीनवर एकदा चालतो. चालवणारा मुलगा गोदामात उभा, कानाला फोन, शेजारी शेटजी ‘कितनी देर और?’ विचारतायत. तो तुमचे शॉर्टकट शिकणार नाही. त्याला उपयोगाच्या त्याच कीज, ज्या त्याच्या बोटांत आधीपासून आहेत किंवा त्या क्षणी पडद्यावर लिहिलेल्या आहेत. बाण, टॅब, स्पेस, एंटर, एस्केप. सगळा इन्स्टॉलर एवढ्यावर पार पडला पाहिजे. डेबियन या लिनक्सचा टेक्स्ट इन्स्टॉलर बघा: टॅबने सरका, स्पेसने निवडा, एंटरने बटण दाबा, हे तळाच्या ओळीत कायम लिहिलेलं असतं. नॅनो एडिटर तर तळाच्या दोन ओळी त्यासाठीच राखून ठेवतो.

एफ-कीजचा मोह मला कळतो. आयबीएमने १९८७ मध्ये प्रोग्रॅमचे पडदे आणि कीज सगळीकडे सारख्या असाव्यात म्हणून सीयूए नावाचे नियम काढले, त्यात एफ-१ म्हणजे मदत, एफ-३ म्हणजे बाहेर, एफ-१० म्हणजे मेनू. सुसे लिनक्सच्या यास्ट या सेटअप प्रोग्रॅममध्ये एफ-१० म्हणजे पुढे आणि एफ-९ म्हणजे रद्द. पण यास्टला सहसा अख्खा पडदा मिळतो. तुमचा इन्स्टॉलर कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या टर्मिनल खिडकीत, एसएसएचवरून (नेटवरून दुसऱ्या मशीनला जोडून) चालणार. लिनक्सच्या ग्नोम टर्मिनलमध्ये एफ-१० दाबलं की खिडकीचाच मेनू उघडतो, एफ-११ खिडकी पूर्ण पडदाभर करतं, आणि बऱ्याच लॅपटॉपवर एफएन न दाबता एफ-की दाबली तर आवाज नाहीतर उजेड कमीजास्त होतो. मिडनाइट कमांडर या टर्मिनलमधल्या फाइल मॅनेजरने एफ-की न पोचणाऱ्या टर्मिनलांसाठी एस्केप आणि मग आकडा अशी पळवाट ठेवली आहे. तुम्ही एफ-१ मदतीला ठेवा, पण जोडीला प्रश्नचिन्हही चालू द्या.

कंट्रोलच्या जोड्यांचं दुखणं वेगळं आहे. टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमला तुम्ही कोणती की दाबली ते कळत नाही, त्याच्यापर्यंत फक्त बाइट, म्हणजे एक आकडा, पोचतो. कंट्रोल-आय आणि टॅब हा एकच बाइट. कंट्रोल-एम म्हणजेच एंटर, कंट्रोल-एच बऱ्याच ठिकाणी बॅकस्पेस. तुमच्या यादीत ‘कंट्रोल-आय: इन्स्टॉल सुरू’ आहे. म्हणजे पुढच्या खान्यात जायला टॅब दाबणारा प्रत्येक माणूस इन्स्टॉल सुरू करणार! कंट्रोल-एस तर सोडूनच द्या. ते जुन्या सिरियल टर्मिनलांपासून ‘आउटपुट थांबव’ या अर्थाने राखीव आहे, सुटायला कंट्रोल-क्यू लागतं. ‘सेव्ह’ समजून कुणी ते दाबतं, पडदा गोठतो आणि आम्हाला फोन येतो की हँग झालं. एनकर्सेस (टर्मिनलवर पडदे आखायची लायब्ररी) रॉ मोडमध्ये, म्हणजे कीज मध्ये न अडवता, चालवली तर हा बाइट तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतो, साध्या शेल स्क्रिप्टमध्ये (कमांडच्या यादीत) नाही.

कंट्रोल-सी मात्र तुमच्या मालकीचं नाही, ते वापरणाऱ्याचं आहे. ते अडवायचं असेल तर फक्त विचारण्यापुरतं: ‘डेटाबेस अर्धा तयार झालाय, थांबवू?’ आणि थांबवलंत तर टर्मिनल पूर्ववत करून जा. नाहीतर मागे असा शेल (कमांड टाइप करायची जागा) उरतो ज्यात टाइप केलेलं दिसतच नाही, आणि गोदामातल्या मुलाला ते ठीक करणारी रीसेट कमांड माहीत असेलच असं नाही.

एस्केपबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चांगले चांगले फसतात. वरच्या बाणाची की दाबली की टर्मिनल सहसा तीन बाइट पाठवतं: एस्केप, चौकटी कंस, मोठा ए. ऑल्ट आणि एखादं अक्षर म्हणजे आधी एस्केप, मग ते अक्षर. त्यामुळे एकटा एस्केप आला की हा खरा एस्केप की बाणाचं पहिलं पाऊल, हे ठरवायला प्रोग्रॅमला थांबावं लागतं. एनकर्सेस मुळात १,००० मिलिसेकंद थांबतो, आणि दाबणाऱ्याला वाटतं की काही झालंच नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. एस्केपडिले, म्हणजे ही वाट बघण्याची सेटिंग, कमी करा, पण अगदी शून्यावर नेऊ नका. खराब मोबाइल नेटवर बाणाचे बाइट तुटक येतात आणि नुसता बाण एस्केप समजला जातो. म्हणून एस्केपचा अर्थ कायम ‘एक पायरी मागे’ एवढाच असावा, ‘बाहेर पडा’ कधीच नाही. चुकून लागला तरी काही बिघडत नाही.

धोक्याच्या जागेसाठी विंडोज एक्सपीचा (२००१) तो निळा सेटअप आठवा. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत कितीतरी पोरांनी तो डोळे मिटून चालवला असेल. करारावर एफ-८, वाचायचा प्रश्नच नाही. पण पार्टिशन उडवायचं असेल तर डी दाबल्यावर शेवटी एल दाबावं लागे. तिथे एंटर चालत नसे, आणि एल पडद्यावर वाचल्याशिवाय सुचणारं अक्षर नाही. घाईत एंटर-एंटर करत जाणारा नेमका तिथे अडायचा. मला तो सेटअप एरवी फारसा आवडत नव्हता, पण ही एक गोष्ट त्यांनी फार विचारपूर्वक केली होती. तुमच्याकडे जुना डेटा पुसण्याचा पर्याय आहे, तिथे ‘हो/नाही’ नको. दुकानाच्या डेटाबेसचं नाव टाइप करून घ्या. बाकी सगळीकडे एंटर म्हणजे सुरक्षित पर्याय.

‘हो/नाही’ वरून आठवलं. पडद्यावर दोनच पर्याय असतात आणि निवडलेला फक्त वेगळ्या रंगात, तेव्हा नेमका कोणता निवडलाय ते कळत नाही, कारण तुलनेला तिसरा नसतो. निवडलेल्याच्या आधी एक बाणाची खूण टाका. ज्यांना लाल-हिरवा ओळखू येत नाही त्यांचीही सोय होते.

आता मेनू. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा जुना इन्स्टॉलर सिसइन्स्टॉल हा पूर्ण मेनूवर चालायचा, कुठूनही कुठेही जा. २०१२ मध्ये ९.० आवृत्तीपासून त्याच्या जागी बीएसडीइन्स्टॉल आला, जो एकामागून एक पडदे दाखवतो आणि शेवटी दुरुस्तीसाठी एक मेनू देतो. डेबियनमध्येही मुख्य मेनू असतो, पण सगळं सुरळीत चाललं तर तो दिसतच नाही. पायरी फसली किंवा तुम्ही मागे गेलात की समोर येतो. नवख्यासाठी हाच क्रम बरा. पहिल्याच पडद्यावर आठ पर्याय ठेवलेत तर ‘आधी कोणतं?’ हा प्रश्न तुम्ही त्याच्यावर ढकलता.

पण तुमचे प्रश्न पाचच आहेत: फोल्डर, पोर्ट, पासवर्ड, बॅकअपची जागा, लायसन्स. त्याला चौकटी आणि सावल्या कशाला? ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा इन्स्टॉलर साध्या ओळीत प्रश्न विचारतो, चौकटी कंसात आधीच ठरलेलं उत्तर दाखवतो, एंटर मारा, पुढे चला. कुठल्याही दरिद्री टर्मिनलवर चालतो. तुमच्या जागी मी हेच करेन, आणि शेवटी पाचही उत्तरं १ ते ५ आकड्यांसह दाखवून ‘बदलायचं असेल तर आकडा द्या’ म्हणेन. अक्षरांपेक्षा आकडे बरे, कारण ‘बॅक’ आणि ‘बॅकअप’ दोघांनाही बी हवं असतं. पासवर्ड विचारताना ‘अक्षरं दिसणार नाहीत’ हे लिहा, नाहीतर कीबोर्ड बंद पडला असं समजतात.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे मुनीमजींचा कीबोर्ड हिंदीवरच राहिलेला असतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये वायच्या जागी ब उमटतो आणि एनच्या जागी ल. यूटीएफ-८ मध्ये (संगणक अक्षरं बाइटमध्ये साठवतो त्या पद्धतीत) ब म्हणजे तीन बाइट, आणि एकेक बाइट वाचणारा प्रोग्रॅम त्याला तीन वेगळी उत्तरं समजतो. अख्खं अक्षर वाचा आणि ‘चुकीचं उत्तर’ न म्हणता ‘कीबोर्ड इंग्रजीवर करा’ म्हणा. देवनागरी अंक आले तर सरळ स्वीकारा. मजकूर मराठीत-हिंदीत द्यायचा विचार असेल तर लिनक्सच्या नुसत्या कन्सोलवर (खिडक्यांशिवायच्या काळ्या पडद्यावर) तो धड दिसणार नाही. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळत नाहीत.

पडदे आखलेच तर ८० अक्षरं बाय २४ ओळींमध्ये बसवा. आणि समोर टर्मिनलच नसेल, म्हणजे दुसरी स्क्रिप्ट तुमचा इन्स्टॉलर चालवत असेल, तर काही न विचारता उत्तरांची फाइल वाचा. डेबियनचं प्रीसीड किंवा रेड हॅटचं किकस्टार्ट हेच करतं. फाइलमध्ये एखादं उत्तर नसेल तर ते कोणतं हे सांगून शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड देऊन बाहेर पडा (शून्य म्हणजे काम नीट झालं).