रील्स पाहून पीयूसीतली (अकरावी-बारावीची) मुलगी म्हणते, मला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) आहे. काय करावं?
तिला हसू नका. त्रास खरा असतो, नाव चुकीचं असू शकतं. एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून दिसावी लागतात, तीही घरी आणि शाळेत दोन्हीकडे. तुम्ही लिहिलंय, खानापुरात मराठी माध्यमातून दहावी झाली आणि बेळगावात पीयूसी सायन्सला गेल्यावर लक्ष लागेना. मग आधी तिकडे बघा: सगळं एकदम इंग्रजीत, पहाटेची बस, अपुरी झोप. चिंता किंवा नैराश्यातही लक्ष उडतं, हे रील सांगत नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्या. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत, २४ तास चालू. जगणं नकोसं झालंय असं ती बोलली, तर आजच लावा.