गाईने गाभ टाकला आणि घरात ताप आला

प्रश्न : आमच्या गोठ्यातील एका संकरित गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार अडकली होती, ती थोरल्या भावाने हातानेच ओढून काढली. पुढे महिनाभरात त्याला संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम आणि कंबरदुखी सुरू झाली. टायफॉइडचे औषध झाले. ताप उतरला आणि पुन्हा आला. आता डॉक्टरांनी ब्रुसेलासाठी रक्त तपासायला सांगितले आहे. गाईचा आजार माणसाला होतो का? दूध प्यावे का? गाय विकून टाकावी का?
— एक वाचक, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : होतो. वार हाताने काढल्याचे डॉक्टरांच्या कानावर घातले नसेल, तर ते आधी घालावे. निदानाची अर्धी वाट तेथेच संपते.

डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून ब्रुसेला हा जिवाणू वेगळा केला. तो तेथील शेळ्यांच्या दुधातून येतो, हे कळायला मात्र 1905 उजाडले. दरम्यान डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना गाभ टाकणाऱ्या गाईंमध्ये एक जिवाणू सापडला होता. हे दोन्ही एकाच कुळातले आहेत, असे अमेरिकेतील अ‍ॅलिस इव्हान्स यांनी 1918 मध्ये दाखवले. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती म्हणून अनेक तज्ज्ञांनी ते उडवून लावले. पुढे त्यांनाच या जिवाणूची लागण झाली.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात; ब्रुसेला मात्र गिळला गेल्यावरही मरत नाही, उलट त्या पेशीच्या आतच वाढत राहतो. त्यामुळे ताप येत-जात राहतो आणि चार-आठ दिवसांच्या औषधाने तो दबतो, जात नाही. गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो आणि त्यावर हा जिवाणू फोफावतो. म्हणून टाकलेला गाभ, वार आणि गर्भजल यांत तो अतोनात असतो व हातावरच्या लहानशा चिरेतूनही शरीरात शिरतो.

रोझ बेंगॉल ही प्राथमिक चाचणी झटपट होते, पण रक्तातून जिवाणू वाढवायला वेळ लागतो. रक्त देतानाच प्रयोगशाळेला ब्रुसेलाची शंका सांगावी, कारण बेसावधपणे हाताळल्यास तेथील कर्मचाऱ्यांनाही लागण होते. निदान पक्के झाल्यास बहुधा डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही औषधे सहा आठवडे एकत्र देतात. दुसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागते आणि तेथेच अनेक जण गोळ्या सोडतात; मग आजार उलटतो. कंबरदुखी अंगावर काढू नये, कारण हा जिवाणू मणक्यात बसतो आणि ते दुखणे क्षयासारखे भासते.

नीट उकळलेल्या दुधाची आणि चांगल्या शिजलेल्या खरवसाची भीती नाही. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून मुलांना पाजण्याची हौस मात्र सोडावी.

गाय बाजारात नेऊ नये. आपला आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. पशुवैद्यकीय दवाखान्यातून सर्व गाईंचे रक्त तपासून घ्यावे, तोवर ही गाय वेगळी बांधावी, आणि पुन्हा गाभ टाकल्यास हातमोजे घालून गाभ, वार असे सारे खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचतात. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती समाविष्ट आहे. ही लस जिवंत जिवाणूंची असल्याने गाभण गाईला ती टोचून घेण्याचा आग्रह धरू नये.