बारावीचे पाच विषय आधी ठरवा, मग नववीचं वेळापत्रक लिहा

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली मुख्य माहिती अशी: मुलगी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आठवी झाली, जूनपासून घरीच शिकतेय, येत्या ऑगस्टमध्ये तिला १४ पूर्ण होतील. गणित आवडतं, झाडंझुडपंही आवडतात. इंजिनिअरिंग की शेतीशास्त्र हे ठरलेलं नाही. मुक्त विद्यालयातून दोन वर्षांत दहावी-बारावी उरकता येईल का आणि पुढे महाराष्ट्रात प्रवेश मिळेल का, हे तुम्हाला हवंय.

दोन वर्षांत उरकता येणार नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण मागतं. मार्चपासूनच्या नोंदणीला हे वय ३१ जानेवारीला मोजलं जातं, त्यामुळे तिची नोंदणी पुढच्या वर्षीच होईल. शिवाय दहावी पास झाल्यावर दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बारावीचे चारच विषय देता येतात. पाचवा विषय आणि प्रमाणपत्र त्यानंतर. म्हणजे घाई केली तरी चार वर्षं लागणारच. मग ती नीट वापरू.

आखणी शेवटच्या वर्षापासून मागे करायची. दोन्ही वाटा उघड्या ठेवायच्या तर बारावीला इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे पाच विषय घ्या. पाचात एक भाषा लागतेच, ती इंग्रजी. जेईई, म्हणजे इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, तिच्यासाठीही मुक्त विद्यालयाची बारावी किमान पाच विषयांची असावी लागते. आता मागे या: अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिल्याच महिन्यात सदिश, त्रिकोणमिती आणि थोडं विकलन समोर येतं. घरी शिकणारी मुलं इथेच अडकतात. दहावीचं गणित पासापुरतं केलेलं असतं, आणि दोष भौतिकशास्त्राला दिला जातो.

म्हणून नववीच्या वर्षी परीक्षा नाही आणि आठवड्याचे पाच दिवस रोज सव्वा तास गणित. बहुपदी, रेषीय समीकरणं, निर्देशक भूमिती, त्रिकोण, याच क्रमाने. एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाचं, पुस्तक मुख्य धरा आणि मुक्त विद्यालयाचं साहित्य परीक्षेपुरतं, कारण कर्नाटकात पीयूसी (तिकडची अकरावी-बारावी) विज्ञान एनसीईआरटीवर चालतं आणि सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, त्याच अभ्यासक्रमावर होते. रोज अर्धा तास इंग्रजीतून विज्ञान वाचायचं. पहिल्या तीन महिन्यांत मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा अशी वही करा. 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. महाराष्ट्राच्या सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून देता येतं, गणित मात्र इंग्रजीतूनच. कर्नाटकची सीईटी मराठीतून होत नाही. तेव्हा इंग्रजीतल्या संज्ञा शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नका.

प्रयोगांसाठी घरात डिजिटल मल्टिमीटर, दीड व्होल्टचे चार सेल, काही रोधक, थर्मामीटर आणि भिंग एवढं पुरेल. ओहमचा नियम, वितळण्याचा आणि उकळण्याचा आलेख, पानांच्या शिरा, मुळांचे प्रकार: प्रत्येक प्रयोगाची नोंद तारखेसह. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. जून ते सप्टेंबर पुस्तकाचं काम, व्हिडिओ आधीच उतरवून ठेवलेले, असं वेळापत्रक धरा.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये दहावीची नोंदणी होईल. पाच विषय: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि दुसरी भाषा. भाषा जास्तीत जास्त दोन घेता येतात, म्हणून मराठी की कन्नड हा प्रश्न येईलच. माझं मत कन्नड. हे वाचून काही जण रागावतील. पण मराठी घरात आहे, वाचनात आहे, आणि मातृभाषा शाळेच्या दाखल्यात लिहिलेली आहे. उद्या कर्नाटकात सरकारी नोकरी करायची झाली तर दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या कन्नडचा उपयोग होतो, नसेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागू शकते. शिवाय शाळेत इतकी वर्षं कन्नड शिकलेली आहे, ती वाया घालवू नका.

सगळे पाच विषय एप्रिल-मे महिन्यात एकत्र द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा राखीव. नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात, पण ही मुभा काही जणांना महागात पडते: 'नंतर देऊ' म्हणता म्हणता गणित बारावीच्या वर्षापर्यंत लांबतं. गृहपाठाला, म्हणजे टीएमएला, २० टक्के भार आहे. तो मुदतीत अभ्यास केंद्रात पोचवा आणि पोचपावती घ्या.

केंद्र निवडताना दोन गोष्टी पाहा: विज्ञानाची प्रयोगशाळा खरोखर आहे ना, आणि केंद्र कर्नाटकातच आहे ना. कोल्हापूरला मामा आहे म्हणून तिथलं केंद्र घेणारे बरेच भेटतात. कर्नाटक सीईटीच्या सर्वसाधारण नियमात राज्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत सात वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा बारावीपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास, अशी अट असते. तुमच्या मुलीची आठ वर्षं शाळेत झालीत, सात वर्षांची अट पूर्ण आहे. तेवढं पहिली ते आठवीचं स्टडी सर्टिफिकेट बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीने आत्ताच काढून ठेवा.

महाराष्ट्राचं असं आहे. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला टाइप ई म्हणतात. त्यात सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी, रहिवासाचा दाखला (प्रोफॉर्मा जी-१) आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला (जी-२) लागतो. मेडिकललाही सीमाभागासाठी काही जागा असतात. मुक्त विद्यालयाचं केंद्र 'मान्यताप्राप्त संस्था' धरलं जातं का, हे प्रवेश यंत्रणेकडून लेखी विचारून घ्या, आणि दहावीच्या नोंदणीआधी. तोंडी 'हो' कागदपत्र तपासणीच्या खिडकीवर चालत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना कोरा असेल तर हेडमास्तरांकडून याच महिन्यात भरून घ्या. नावाचा क्रमही तपासा: आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर नाव आधी, असा घोळ सीमाभागात घरोघरी आहे. नोंदणीत जे नाव जाईल तेच चारही वर्षं राहील.

या लेखी उत्तरावरच तिसऱ्या वर्षाचा फाटा ठरेल. उत्तर नकारार्थी आलं आणि महाराष्ट्राची वाट सोडायची नसेल, तर दहावीनंतर बेळगाव किंवा खानापुरात पीयूसीला नियमित प्रवेश घ्या. मुक्त विद्यालय गुणपत्रिकेबरोबर मायग्रेशन (बोर्ड बदलण्याचं) प्रमाणपत्र देतं, त्यावर प्रवेश होतो. तिथे ७५ टक्के हजेरी लागेल, पण प्रयोगशाळा आणि संस्थेची मान्यता दोन्ही प्रश्न सुटतील. खरं सांगायचं तर विज्ञानासाठी मला हीच वाट जास्त पटते.

घरीच राहायचं ठरलं तर तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये फक्त इंग्रजी द्या. चौथ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये रसायनशास्त्र, आणि एप्रिलमध्ये भौतिक, गणित, जीवशास्त्र. एप्रिल-मेमध्ये जेईईची दुसरी फेरी आणि दोन्ही राज्यांच्या सीईटी एकमेकींवर आदळतात, म्हणून रसायन आधी मोकळं करायचं. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकला बारावीचे गुण निम्मे धरतात, महाराष्ट्राच्या सीईटी रँकला धरत नाहीत. त्यामुळे 'बारावी पास झाली की झालं' हे तुमच्या बाजूला चालणार नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. ब्युरेट हातात न धरता टायट्रेशनला गेलेली मुलं तिथेच गुण घालवतात, म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या फेऱ्या ठरवून घ्या: महिन्यातून किमान दोन शनिवार.

परीक्षांचे नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून नोंदणीच्या आठवड्यात त्या वर्षीची माहितीपुस्तिका पुन्हा वाचा. दाखल्याचं काम मात्र या सोमवारीच करा. एकदा हेडमास्तरांची बदली झाली की जुनं रजिस्टर शोधायला कुणी बसत नाही.