कैलास लेणे आणि परग्रहवासी

प्रश्न : वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, असे दूरचित्रवाणीवरील एका ‘वैज्ञानिक’ मालिकेत सुचवले गेले. यात तथ्य किती?

उत्तर : अजिबात नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात प्रामुख्याने घडलेले हे लेणे बेसाल्टच्या कातळात वरून खाली खोदत आणलेले असून, छिन्नीचे घाव तेथे आजही दिसतात आणि वेरूळमधीलच अर्धवट राहिलेल्या लेण्यांवरून खोदकामाचे टप्पे समजतात. अशा मालिका ‘असे तर नसेल?’ एवढेच विचारून पुराव्याची जबाबदारी झटकतात. राष्ट्रकूटांच्याच बडोदा ताम्रपटात, हे मंदिर पाहून देव थक्क झाले आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हे कसे घडवले याचे नवल वाटले, असे वर्णन आहे; म्हणजे शिल्पकार माणूसच होता, याविषयी ताम्रपट लिहिणाऱ्याला शंका दिसत नाही.